तीनदा उलटलेली गाय

“तीनदा उलटलेली गाय दावणीला ठेवायची नाही. का, ते विचारायचं नाही.” हा आमच्या आजोबांचा नियम. मी तीच गाय बोलतेय. उलटणं म्हणजे भरवूनही, वळू दाखवूनही, गाभण न राहणं.

गेल्या खेपेला मी गाभण असताना माझं दूध आटवलं आणि आजोबांनी पुढ्यात पेंडीचा ढीग लावला. “कशी गुटगुटीत दिसायला हवी!” म्हणत रोज पोटावर थाप मारायचे. मीही खात सुटले. शेपटीच्या बुडाशी चरबीच्या गाद्या चढल्या.

मग मी व्यायले आणि त्या चरबीनेच भूक मेली. दूध मात्र धो धो. चारा जाईना, तर हे दूध येतं कुठून? माझ्याच अंगातून! पाठीवरची, बरगड्यांवरची चरबी वितळत होती आणि बादलीत पांढरीशुभ्र होऊन पडत होती. मी नुसती उभी होते. हे सगळं कोण करत होतं? आजही आठवलं की अंगावर शहारा येतो. त्याच शरीराने आत एक दार लावून घेतलं. आधी ही जगू दे, मग दुसरा जीव. वळूची ओढ, म्हणजे माज, आला तोही दुबळा. तीनदा भरवलं, तीनदा उलटले.

“पोट तर टम्म आहे की,” आजोबांचे धाकटे चिरंजीव, काका, म्हणायचे. अहो, पोटात वैरण असते! पाठीकडे बघायला कुणाला सवड?

सवड झाली ती आजोबांच्या नातीला. ती जनावरांची डॉक्टर व्हायला शिकतेय. सुट्टीत घरी आली तेव्हा मला न्यायला गुरांच्या दलालाची गाडी दारात उभी होती. तिने माझ्या कण्यावर हात ठेवला, कमरेची हाडं चाचपली, शेपटीजवळच्या खळग्यात बोटं दाबली. पाच बोटांत तिने माझं अख्खं वर्ष वाचलं.

“आजोबा, ही वांझ नाही. गेल्या सुट्टीत बघितली तेव्हा नुसती फुगली होती. व्यायल्यावर झरझर उतरली. अंग धरू द्या, मग भरवा.”

“कालची पोर तू आणि मला गाई शिकवतेस? चाळीस वर्षं काढलीत मी गोठ्यात!”

“चाळीस वर्षांत एकदा तरी पाठीवर हात फिरवलात?”

“जीभ फार चालते हिची,” काका म्हणाले. “सोड ते दावं. माणूस खोळंबलाय.”

“नाही सोडणार.” तिने दावं मनगटाला गुंडाळलं. “तीन महिने हिचं खाणंपिणं मी ठरवणार. न्यायची असेल तर आधी मला गाडीत चढवा.”

काकांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दलालाला हातानेच ‘जा’ म्हणून खुणावलं. दलाल रिकामी गाडी वळवून निघून गेला. मी खाली वाकले आणि गवताचा मोठा घास ओढला.