दगडावरचे दोघे

टण्ण करून बिल्ला घंगाळावर पडला आणि कसंबसं निजवलेलं बाळ जागं झालं. ओसरीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, लढाईचा बिल्ला राखेनं घासत बसले होते. उद्या शाळेत जुन्या शिपायांचा सत्कार होता. मिळणारी शाल त्यांनी माझ्या थोरल्या लेकीला, कुशीला, कबूल केली होती. पोर दुसरीत आहे, सकाळी शाळेत जाताना कुडकुडते.

शाळेच्या भिंतीत सरकारनं बसवलेला दगड आहे. या गावातून पाच माणसं महायुद्धास गेली, पैकी दोघांनी प्राण दिले, असं त्यावर कोरलंय. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. खरं तर एकच जण परतला नाही. मामंजी बसऱ्याच्या इस्पितळात पडले होते आणि घरी ते गेल्याचा कागद आला. दहावं झालं, दगड बसला, आणि मग दाढी वाढलेले मामंजी दारात उभे. सासूबाई सांगायच्या, आल्या आल्या भाकरी मागितली म्हणून घरात घेतलं, नाहीतर भूत समजून दार लावणारच होते.

उद्धवराव गुरुजींनी दगड वाचून चाकणहून तीन शाली आणल्या. दुसऱ्या दिवशी म्हातारे आले चार. गुरुजींचं म्हणणं, तालुक्याला कागद जायचाय, आकडा दगडाशी जुळायला हवा, तेव्हा एकानं आजच्यापुरतं मेलेल्यांत बसावं. चौघं एकमेकांना आग्रह करू लागले, पंगतीत वाढताना करतात तसा. शेवटी चिमाजी, जे मामंजींबरोबरच बसऱ्याला होते, म्हणाले, "गेनू, तुजं दहावं झालंय. आमचं कुणाचं झालं न्हाई."

मामंजी उठले, बिल्ला सरळ केला आणि दगडाखाली जाऊन बसले.

मी मागं बाळाला मांडीवर घेऊन. चारचौघांत सासऱ्यांच्या बाजूनं सुनेनं बोलणं आमच्यात नाही. पदर तोंडाशी धरला. तिघांना शाल-नारळ झाले. मग मेलेल्यांसाठी पोरांना दोन मिनिटं उभं केलं. मामंजीही सवयीनं ताठ उभे राहिले. गुरुजींनी हळूच खुणावलं, तुम्ही बसा. ते बसले. पुढं उदबत्ती लावलेली, तिच्या धुरानं आलेला खोकला त्यांनी दोन्ही मिनिटं दाबून धरला.

फुलं वाहायला नेमकी कुशी. तिनं एक झेंडू दगडाला वाहिला, एक आज्याच्या मांडीवर ठेवला आणि पाया पडली. आशीर्वादाला त्यांचा हात उठला. गुरुजींकडे बघून तो परत गुडघ्यावर गेला.

घरी येताना मामंजी पुढं, मुठीत तो झेंडू. कुशीनं माझा पदर ओढला. शालीचं विचारणार असं वाटलं. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवीन, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं.

"आई," ती म्हणाली, "आजा खरंच मरंल, तवा गुरुजी दगडावर तीन करतील, का दोनच ठेवतील?"