रविवारचं आढं

लाहू माझा धाकटा दीर. फादर त्याला लुकस म्हणतात, आम्ही लाहूच म्हणतो. प्रार्थना तोच चालवतो, बायबल तोच वाचतो. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात एकदा खुंटी ठोकली की हलायची नाही.

तलासरीकडचा आमचा पाडा नव्या मोठ्या रस्त्यात गेला. पाड्यातलं छोटं चर्चही गेलं. सरकारने रानशेतच्या बाजूला जागा दिली आणि आम्ही नऊ घरं इथे आलो. येताना चर्चचं आढं, म्हणजे छपराच्या मधलं ते मोठं सागाचं लाकूड, टेम्पोत घालून आणलं. बाकी सगळं नवीन करता येईल, हे नाही, असं माझा नवरा काकड्या म्हणाला. त्याच्या बापाने ते जंगलातून खांद्यावर आणलं होतं.

काकड्याचा गुडघा कायमचा निकामी झालेला. काठी घेऊन चार घरं जाईल, पुढे नाही. इथे आल्यापासून मिस्साला, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, जायचं म्हणजे टेम्पो, मग एसटी, मग परत चालणं. त्याने सोडूनच दिलं. रविवारी आम्ही निघालो की ओट्यावर बसून आमच्या पाठीकडे बघत राहायचा. मला बाई ते बघवायचं नाही. मी मागे वळायचीच नाही.

म्हणून फादर म्हणाले, वसाहतीतच जागा तयार करा, येत्या रविवारी येऊन बघतो. जागा असली तर महिन्याला मिस्सा इथेच करतो. नसली तर काय, आहे तसंच चालू राहील. तेव्हा माझं सगळं त्या आढ्यावर अडकलं होतं. मेढी, म्हणजे खांब, उभे केले, कारवीच्या काड्यांचे कूड बांधून सारवले, पण आढं वर चढेना. आमचे अर्धे पुरुष नरपडला बोटीवर. राहिलेल्यांच्याने ते गुडघ्याच्या वर येईना.

मग लाहू शेजारच्या पाड्यात सांगायला गेला. ती जुनी माणसं, अजून जुने देव पुजणारी, आमच्याशी जेमतेम बोलणारी. घरोघर फिरून आला आणि म्हणाला, "वहिनी, मंगळवारी सगळे येतायत."

मंगळवारी मी भात शिजवला, सुक्या बोंबलाचं कालवण केलं. ऊन डोक्यावर आलं तरी चिटपाखरू नाही. लाहू रस्त्याकडे बघून बघून वाकडा झाला. आमची पुतणी चंद्रिका म्हणाली, "काकी, आपण ख्रिस्ती ना, म्हणून नाही आले." माझं डोकंच फिरलं. पदर खोचला आणि त्यांच्या पाड्यात गेले.

त्यांचा म्हातारा धोंडी अंगणात खाटेवर बसला होता. मी दारातूनच सुरू केलं. "धोंडीकाका, यायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं! माझं पातेलंभर कालवण वाया गेलं."

"बस आधी," तो म्हणाला. "बारकी, आज वार कोणता?"

"मंगळवार," मी म्हणाले.

"आम्ही मंगळवार पाळतो. दोर धरत नाही, कोयता धरत नाही, लाकूड तर नाहीच. तुझा आजापण पाळतच असणार. तो लाहू दारात येऊन मंगळवार मंगळवार करत होता. आमंत्रण द्यायला आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? बघू म्हणालो."

अरे देवा! आमच्या घरात दोन पिढ्या रविवारच पाळला. मंगळवारचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मी तिथेच कपाळावर हात मारला. धोंडी हसायला लागला, मग त्याची सून हसली, मग माझ्याच्याने राहवलं नाही.

"मग उद्या या," मी म्हणाले.

"उद्यापासून पोरं आशागडला कंपनीत. सुट्टी रविवारी. रविवारी सकाळी येतो."

हे ऐकून लाहू हटूनच बसला. "रविवारी काम? वहिनी, प्रभूच्या दिवशी? मी लोकांना काय तोंडाने शिकवू?" मी त्याच्याशी भांडून भांडून थकले, शेवटी धोंडीच आमच्याकडे येऊन म्हणाला, "अरे, रविवार तुमचा आहे. आमचा कुठे आहे? तुम्ही बसा. आम्ही चढवतो."

आणि खरंच तसं झालं. रविवारी सकाळी त्यांचे पुरुष, संदीप, रघ्या, सगळी तरणी पोरं दोर घेऊन आली. आम्ही धुतलेले कपडे घालून आंब्याखाली रांगेने बसलो, लग्नात वऱ्हाडी बसतात तसे. मी मात्र चुलीशी होते. भाताला रविवार नसतो, असं मी लाहूला आधीच ऐकवलं होतं.

एक टोक मेढीवर बसलं. दुसरं अर्ध्यावर अडकलं. पोरांच्या हातातून दोर निसटायला लागला. "अजून दोघं पाहिजेत!" संदीप ओरडला. लाहू जागेवर चुळबुळ करत होता, ओठांनी प्रार्थना पुटपुटत होता.

काकड्या म्हणाला, "लाहू, ऊठ."

"दादा, रविवार आहे."

"बरं. मग मी जातो." आणि माझा नवरा काठी टेकून खरंच उठला. लंगडत त्या लाकडाखाली निघाला.

"दादा, थांब!" लाहू असा धावला की चप्पल मागेच राहिली. त्याने खांदा लावला, त्याच्यामागे आमचे सगळे उठले, चंद्रिकासुद्धा. कोण कुणाचं ते कळेना. एकच आरोळी झाली आणि आढं वर जाऊन बसलं. लाहू घामाने निथळत हसत होता. त्याला तसं हसताना मी इकडे आल्यापासून पाहिलं नव्हतं.

फादर आले तेव्हा वर नुसतं आढं आणि आभाळ. खाली सारवलेल्या जमिनीवर काकड्या बसलेला, एकटाच, सगळ्यांच्या आधी.

"छप्पर कुठाय?" फादरांनी विचारलं.

"होईल की," काकड्या म्हणाला. "तुम्ही सुरू करा."

फादरांनी सुरू केलं. धोंडीची माणसं जेवायला थांबली होती, तीही कुडाला टेकून बसली. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते. दोन वर्षांनी माझा नवरा आपल्या पायांनी मिस्साला गेला होता, आणि मी रडत बसले आणि सगळ्यांचा भात करपवला.