हलका हात

कापसाचा बोळा तिनं नाकाजवळ नेला, खाली आणला, पुन्हा नेला — पांढरा, ओला, बोटांना गार लागणारा, आणि नाकाला मात्र नुसती हवा. स्पिरिटची बाटली मामांनी आज सकाळीच नवी फोडली होती, म्हणजे दोष बाटलीचा नव्हता. वास जायला सतरा कारणं असतात, तिनं स्वतःला सांगितलं, सर्दी असते, धूळ असते, वय असतं... अठरावं कारण तिला माहीत होतं, म्हणून तर ती सतरा मोजत होती.

"काय ताई, नुसत्या वासावर भागवताय?" मामा दारातून म्हणाले. मामा विभागातले वॉर्डबॉय. अठ्ठावन्नाव्या वर्षीही बॉयच. "सकाळपासून तिसऱ्यांदा बघतोय. एखाद दिवशी बाटली तोंडाला लावाल."

"लावली तर तुमचा वाटा ठेवीन."

"ठेवा बाई. बाहेर मावशी बसल्यात, घाबरल्यात जाम. पाठवू?"

तिनं बोळा टोपलीत टाकला.

मावशी शिवणकाम करणाऱ्या होत्या. दोनदा मशीनवर बसल्या बसल्या शुद्ध हरपली होती, म्हणून मेंदूचा आलेख काढायला पाठवलं होतं. खाटेच्या कडेवर त्या अशा बसल्या, की कोणत्याही क्षणी उठून पळता यावं. छताकडे, तारांच्या जुडग्याकडे, पडद्याकडे बघून झालं, मग हळूच म्हणाल्या, "यात म्हणे डोक्यातलं सगळं दिसतं?"

"सगळं नाही दिसत."

"सुनेबद्दलचं?"

"नाही हो मावशी. जाग्या आहात की डोळा लागलाय, कुठे काही अडखळतंय का, एवढंच."

"मग बरंय. नाहीतर तुमचा कागद पुरला नसता."

ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज आपोआप त्या जागी जाऊन बसला, खाली, सावकाश. "आता मी केसांत भांग पाडतेय. आता इथे जरा खरखरीत लागेल... झालं. आता गार लागेल, कपाळावर. आता कानामागे." आधी शब्द, मग हात. बावीस वर्षांत हा क्रम तिनं एकदाही मोडला नव्हता. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण कारण तिला सांगता आलं असतं. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक गोळा असतो, त्याची आकृती तिनं परीक्षेत सुबक काढली होती, आणि दुखण्यापेक्षाही तो दचकतो न सांगता आलेल्या स्पर्शाला. आधी सांगितलं की बराचसा निवतो. लोकांना गोळा ठाऊक नसतो, पण ते खिडकीपाशी विचारतात, ती हलक्या हाताची बाई आहे का आज?

मावशींचे खांदे उतरले. पडद्यावर रेघा धावू लागल्या. पुढची वीस मिनिटं फक्त बघायचं होतं, आणि बघता बघता टेबलाखाली तिचा डावा हात स्वतःच्या कामाला लागला. अंगठ्यावर तर्जनी टेकवायची, पूर्ण उघडायची, टेकवायची, भरभर, दहा वेळा. उजव्या हाताची दहाही सारखी येत. डाव्याची पहिली पाच-सहा मोठी, मग सातवं लहान, आठवं त्याहून लहान, नववं उघडलंच नाही म्हणावं इतकं... पुन्हा. पुन्हा तेच. चार महिने ती हे मोजत होती — बसथांब्यावर पदराआड, कढईसमोर, अंथरुणात. समोरच्या खोलीत मेंदूविकारांच्या डॉक्टर बसत. दिवसातून दोनदा ती त्यांच्या टेबलावर आलेख ठेवून येई. हात पुढे करून एवढंच विचारायचं होतं, मॅडम, हे जरा बघता? दोनदा तिनं स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला होता आणि दोनदा फाडला होता. आज तिसरा होता, फायलींच्या सगळ्यात खाली.

आजाराची, बाबांना होता त्याच कंपवाताची भीती वाटते, असं तिनं मनाशी कबूल करून पाहिलं होतं, पण ते नीट बसत नव्हतं. औषधं असतात. वर्षानुवर्षं चालतं. हेच ती बाकावरच्या माणसांना सांगत आली होती आणि ते खोटं नव्हतं. भीती आणखी कुठे तरी होती... न्हाणीघराच्या दारात.

बाबा तिथे उभे राहत. पाय फरशीला चिकटल्यासारखे, वरचं शरीर थोडं पुढे गेलेलं, एक हात चौकटीवर. आणि मागे ती, खांद्याला पर्स, सव्वासातची बस. उचला ना पाय, बाबा. उचला. मुद्दाम करता का? — हे मी म्हणाले होते. एकदा नाही. मेंदूतला कोणता भाग रुसला की पायाला हुकूम पोचत नाही, हे मला नावासकट माहीत होतं, आणि घाई केली की पाय आणखीच रुततात, हेही. माहीत असणं बहुधा आठ ते चार कामावर असायचं. घरी ते माझ्याबरोबर येत नव्हतं.

मग एकदा ते पडले, आणि त्यांचा आलेख काढायला इथेच, याच खाटेवर आणलं. "आता गार लागेल, बाबा," ती म्हणाली होती, सवयीनं. त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तोवर त्यांचा आवाजही बारीक झाला होता. "अशी बोलतेस होय तू इथे?" तक्रार नव्हती, नुसतं नवल. मग ते झोपले. झोपेच्या लाटा इतक्या संथ, स्वच्छ आल्या, की शिकाऊ मुलींना दाखवाव्यात. त्या संध्याकाळपासून ती घरीही तशीच बोलू लागली. चार दिवस. पाचव्या दिवशी बसला उशीर होत होता, आणि 'उचला ना पाय' पुन्हा तोंडातून गेलं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आणि आता मुलगी आहे. चांगली आहे, जीव लावणारी, दोन नोकऱ्यांएवढं एका नोकरीत करणारी. "आई, आटप ना गं," ती म्हणते, चपला घालता घालता. फोनवर लोक दोघींच्या आवाजात फसतात...

"झालं?" मावशी विचारत होत्या. "दुखलं नाही की काही!"

"आता मी पुसून घेते. पाणी कोमट आहे."

"घरच्यांचं नशीब बघा तुमच्या," डोळे मिटूनच मावशी म्हणाल्या. "आजारपणात असा हात मिळायचा म्हणजे."

ती कानामागचं पुसत राहिली, स्वच्छ झालं होतं तरी.

एक वाजून गेला. डॉक्टर दोनला निघत. मामा फायली न्यायला आले. तिनं खालचा कागद ओढून वर ठेवला. मामांनी नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"तुमचा?"

"हो."

"आत सांगतो ना मॅडमना. लगेच घेतील."

"नको. नंबरानं येते."

"अहो, पण तुम्ही..."

"मामा, नंबर लावा."

चौदावा लागला. ती बाकावर बसली. बावीस वर्षं या बाकासमोरून ती येत-जात होती, पण इथून दार इतकं लांब दिसतं हे तिला ठाऊक नव्हतं. मधली फरशी लख्ख, मोकळी, ओलांडायला काहीच नाही अशी. शेजारच्या बाईनं तिच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं आणि जरा सरकून जागा दिली. अकरा गेला. बारा आणि तेरा नवरा-बायको होते, एकमेकांना धरून गेले आणि तसेच बाहेर आले.

"चौदा."

ती उठली. उभी राहिली. आता उजवा पाय, तिनं ठरवलं, आणि तो उचलला गेला नाही.

दोन कारणं होती, दोन्ही तिला येत होती. घाबरलेलं जनावर जागच्या जागी थिजतं, ते एक. दुसरं ते अठरावं. मेंदूतल्या दोन वेगळ्या जागा, दोन वेगळ्या वाटा. कागदावर तिनं त्या दोन रंगांत काढून दाखवल्या असत्या. आतून मात्र एकच होतं. पाय होता, दार होतं, आणि मध्ये आपण, कशालाच नकार न दिलेले. आडमुठेपणा कुठे नव्हता. ऐकू येत होतं, सगळं ऐकू येत होतं. मागे कुणाचा तरी श्वास, कुणाच्या तरी चपलेची चुळबुळ, आणि त्या आवाजांनी पाय आणखी जड होत होते. हे असं होतं तर. रोज सकाळी, सव्वासातच्या आधी, ते इथे उभे असायचे.

"अहो, तुमचाच नंबर," शेजारची बाई म्हणाली.

"हो," ती म्हणाली. "एक मिनिट." आणि ते मिनिट तिनं मोजलं नाही. डॉक्टर काय सांगतील याची भीती गेली नव्हती. तिथेच होती, दारापलीकडे, तिच्यासाठी थांबलेली. पण या क्षणी ती स्वतःसाठी उभी नव्हती. सहा वर्षं उशिरा, पर्स खाली ठेवून, ती बाबांच्या शेजारी उभी होती, आणि तिला कुठेही जायची घाई नव्हती.