बेटावरून परतणारी काहील

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे उसाचा रस उकळून गूळ करायची पसरट लोखंडी कढई, चार माणसे आत बसतील एवढी मोठी. माझी कहाणी मला नीट सांगता येईल की नाही, याची मलाच शंका आहे. पण एक गोष्ट आधीच कबूल करते. मला पाण्याची फार भीती वाटते.

माझा जन्म आगीसाठी झाला. आष्टीजवळच्या एका लोहाराने पत्रे जोडून, खिळे ठोकून मला घडवले. सर्जेरावांच्या गुऱ्हाळात मी वर्षानुवर्षे चुलीवर बसले. माझ्यात रस तांबूस होत उसळायचा आणि मुले कडेला चिकटलेला गूळ खरवडून खायची. "सर्जेरावच्या काहिलीचा गूळ म्हणजे बिलकुल सोनं," असे लोक म्हणायचे. त्या दिवसांत मला कशाचेच भय नव्हते.

मग धरण झाले. पाणी चढत आले, सर्जेरावांनी मला तेवढे बाहेर काढले आणि गुऱ्हाळ चुलीसकट बुडाले. समोर फक्त एक टेकाड उरले, त्याचे बेट झाले. त्यावर सर्जेरावांच्या वहिनी कांताबाई राहतात. त्यांच्या शेळ्या, थोडे शेत आणि सीताफळाची झाडे तिथेच आहेत. ये-जा करायला होडी नव्हती. सर्जेरावांनी माझ्या सांध्यांना डांबर फासले आणि मला पाण्यात ढकलले.

मी गोल आहे. मला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही. वारा सुटला की मी गरगर फिरते. सर्जेराव एका फळीने मला वल्हवतात. मध्यावर आलो की मला कळते, खाली माझी चूल आहे. ती मला परत बोलावते आहे, असे वाटून माझे सांधे थरथरतात.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र मी हे थोडे विसरते. कांताबाईंची लेक मीना आणि नात अर्पिता जालन्याहून येतात. अर्पिता मला काठावर ओढायला लावते आणि माझ्यात पडून गोष्टीची पुस्तके वाचते.

"आजी, मी या बेटाची राणी!"

"राणीसाहेब, मंग शेळ्या बांधा. अंधारून राह्यलं."

गेल्या दिवाळीत परतीचा दिवस आला. शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, ही आपली रीत तुम्हाला ठाऊक असेलच. कांताबाईंच्या लेखी मी दिराच्या घरचे भांडे. त्यामुळे त्या प्रत्येक खेपेला माझ्यात काही ना काही ठेवतात. त्या दिवशी तर लेक निघालेली. मुगाचे पोते आले, सीताफळांची पाटी आली, मग भोपळे.

"वैनी, बस करा," सर्जेराव म्हणाले. "पाणी काठाला टेकून राह्यलं."

"तुमच्या घरचं भांडं हाय, भावजी. रिकामं लावून देऊ? लोकं काय म्हणतील?"

"कुठं हायेत लोकं? बगळेच तर हायेत!"

सगळे हसले. मला हसू आले नाही, पण भांड्याचे कोण ऐकते?

आम्ही निघालो. मध्यावर वारा सुटला. मी फिरू लागले आणि एक लाट आत आली. दुसरीही आली. अर्पिताने माझा काठ घट्ट धरला. तिची बोटे इतकी गार होती, की मला खालच्या चुलीची राख आठवली. मीनाला पोहता येत नव्हते, अर्पितालाही नाही.

"पोतं टाक, मीना!" सर्जेराव ओरडले.

"काका, अन्न पाण्यात टाकू?" पोत्याला धरलेला तिचा हात उचलेना. "मायनं राबून पिकवलंय."

तेवढ्यात बेटावरून किंकाळीसारखा आवाज आला. कांताबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या.

"टाका! समदं टाका! माझी लेकरं तेवढी ऱ्हाऊ द्या!"

पोते गेले. पाटी गेली. भोपळे मात्र तरंगत आमच्या मागे येऊ लागले. अर्पिताने फराळाचा डबा पाण्यात रिकामा केला आणि रडत रडत त्याच डब्याने पाणी उपसले. मी हळूहळू वर आले. आम्ही काठाला लागलो.

अर्पिता पुन्हा माझ्यात पाऊल ठेवणार नाही, असे मला वाटले होते. पण संक्रांतीला ती आली. आईचा हात धरून, डोळे मिटून बसली, पण बसली. परतताना कांताबाई काठावर आल्या. हातात तिळाचा एकच लाडू होता. तोही ठेवावा की नाही, या विचारात त्या घुटमळल्या.

"आजी," अर्पिता म्हणाली, "भांड्यात मी हाय की. रिकामं कुठंय?"

कांताबाईंनी तो लाडू तिच्या तोंडात घातला आणि पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, भांडे भरून परत करण्याची रीत चांगलीच आहे. पण ज्यात तुमची माणसे बसली आहेत, त्यात आणखी काही भरू नका. निघण्याआधी माझ्या सांध्यांवरून एकदा हात फिरवा, डांबर सुटले असेल तर सांगा. खाली माझी चूल अजून आहे. मला तिच्यावर पुन्हा बसायचे नाही, निदान कोणाला घेऊन तरी नाही.