तिरका चौकोन

"बाई, ही शंकरपाली हाय!" मुर्धा गावच्या बालवाडीत पोरं एका सुरात ओरडली.

कृतिका हसली. शहरातल्या इंद्रलोक भागातून येणारी ही नवी शिक्षिका; येऊन महिनाही झाला नव्हता. तिने हातातला पुठ्ठ्याचा तिरका तुकडा सरळ धरला. "आता?"

"चौकोन!"

तिने तो परत तिरका केला. "मी कापला का? दुमडला का? नुसता फिरवला ना? मग चौकोनच. तुम्ही आडवे झोपलात की तुमचं नाव बदलतं का?"

पोरं खिदळली. काहींनी माना वाकड्या करकरून खात्री करून घेतली.

मागे बसलेल्या सुगंधाबाईंच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. गोल म्हणजे भाकरी, त्रिकोण म्हणजे समोसा आणि टोकावर उभी ती शंकरपाळी, हे त्या वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या. यातल्या काही पोरांच्या आयाही त्यांच्याकडूनच शिकलेल्या. आणि ही कालची पोरगी येते काय, पोरं हिची होतात काय!

सुट्टीत सगळी पोरं कृतिकाच्या ओढणीला लोंबकळली. सुगंधाबाईंकडे एकटी चांदणी आली. "मोठ्या बाई, खरा काय? चौकोन का शंकरपाली?"

कृतिकाचं बरोबर होतं. सुगंधाबाईंना ते कळत होतं आणि म्हणूनच जास्त झोंबत होतं.

"शंकरपालीच गो," त्या म्हणाल्या. "तिला काय कलतंय!"

चांदणी खूश झाली. निदान एक पोर तरी आपलं राहिलं, या विचाराने सुगंधाबाईंना दिवसभर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला मॅडम आल्या. त्यांनी तोच पुठ्ठा तिरका धरला आणि नेमकं चांदणीला विचारलं. ती ताठ उभी राहिली.

"शंकरपाली!"

"अगो, चौकोन हाय तो!" सगळा वर्ग हसला. चांदणीचा चेहरा एवढासा झाला.

कृतिका तिच्याजवळ उकिडवी बसली. "काल तर आपण बघितलं ना गं? शंकरपाळी कोणी सांगितलं तुला?"

चांदणीने मागे वळून सुगंधाबाईंकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. सुगंधाबाईंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"कोनी न्हाय," चांदणी म्हणाली. "माजाच चुकला."

सुगंधाबाईंनी बोलायला तोंड उघडलं. तोवर मॅडमनी त्रिकोण उचलला होता.