पाण्याचा वाफा

"आता हे सांगितलं तर तुमी मला येड्यात काढाल, सुचित्राताई," जुड्यांवर पाणी शिंपडत हौसेरावनं सुरुवात केली. "कुनाला खरं वाटायचं न्हाई. पन माजा पालक पाण्याची वाट बगतो. पहाटं पंप सुरू व्हायच्या आदी समदी पानं मैनाबाईच्या हिरीकडं माना वळवून हुबी. शाळंतली पोरं परार्थनेला ऱ्हातात तशी."

नेरुळच्या सोसायटीच्या गेटसमोर सुचित्रा हसली. शेजारी मैना ओल्या बोंबलांची पाटी घेऊन बसली होती. ती हसली नाही.

"म्हणून तर तुमच्याकडून घेते, काका. सुनेला सातवा लागलाय. रोज सकाळी कच्च्या पालकाचा रस देते तिला. बाजारातला म्हणे नाल्यावरचा असतो."

बोंबील निवडणारा मैनाचा हात थांबला. हौसेरावनं ते पाहिलं. पण गोष्ट एकदा उताराला लागली की ती काही सांगणाऱ्याचं ऐकत नाही.

"नाल्याचं पानी? एक थेंब लागू द्या, लाजून पिवळा पडंल माजा पालक."

पालक हिरवागार होता. लाज हौसेरावच्याच कानाच्या पाळ्यांपर्यंत चढली होती.

पावणे गावात, कारखान्यांच्या मागच्या पट्टीत त्याचे भाजीचे वाफे. बांधापलीकडे मैनाची विहीर. हौसेराव मूळचा माणदेशातला, त्याला पाण्याचं मोल कोणी शिकवायला नको होतं. बोली त्यानंच घातली होती: दर चौथा वाफा पाण्याचा. पाण्याच्या मोबदल्यात त्या वाफ्याला पहिला विळा मैनाचा, आणि पहाटे न चुकता पंप सुरू करायचा तोही मैनानंच. अंगात ताप असला तरी ती उठायची. त्या भरवशावर हौसेराव पालकामागं मेथी, मेथीमागं माठ असा पेरा धरायचा. आजचं पाणी कुठूनही मिळतं हो. उद्याही येईल, हे कुठं मिळतं? चौथा वाफा त्या उद्यासाठी होता.

मग पालक महागला आणि हौसेरावची बुद्धी फिरली. पाण्याचा वाफा म्हणून त्यानं पार टोकाचा दाखवला, जिथं पोचेपर्यंत पाणी वाटेतच जिरायचं. तिथली पिवळी, किडकी भाजी मैनानं मुकाट कापून नेली. भांडली असती तर बरं झालं असतं. काहीतरी रचून त्यानं तिला हसवली असती. पण दुसऱ्या दिवशी पाट कोरडा. जाऊन विचारायला तोंड कुठलं? त्यानं मागच्या नाल्यात पाइप सोडला. ते पाणी रात्रंदिवस येतं, आणि त्याला वाटा कोणी मागत नाही.

सुचित्रानं दोन जुड्या उचलल्या.

"इचारा की मैनाबाईला, खोटं बोलतोय का मी," तो सवयीनं बोलून गेला. साक्षीला तिलाच बोलवायची त्याची जुनी खोड. शब्द सुटला आणि जीभ तोडून टाकावी असं झालं त्याला. तो खाली मान घालून उगाच जुड्यांच्या दोऱ्या आवळत बसला.

मैनानं पाटीवरच्या माश्या हाकलल्या. मग हात लांबवून सुचित्राच्या पिशवीचं तोंड धरलं.

"पालक माज्या इहिरीकडं बगत असंल, हौसेराव. बगून बगून मान दुकली असंल त्याची. माजं पानी दिवालीपासून तुज्या वाफ्यात गेलंच नाय. ताई, जुड्या खाली ठेवा. नाल्याचं पिऊन वाढलाय तो."