उजव्या खांद्यावरची गाठ

माणूस तोंडाने काय सांगतो त्याआधी मी त्याच्या खांद्यावर काय टाचलंय ते बघते. ही पोरगी दलदलीकडून चालत आली आणि माझ्या भावाची लेक टेटे म्हणून दारात उभी राहिली. तिच्या दोन्ही खांद्यांवर वस्त्र अडकवायचे, घोड्याच्या तोंडाचे ब्रोच होते. आमच्याच घराण्यातले, माझ्या भावजयीचे.

साथीत भाऊ आणि भावजय गेल्याचं आम्हाला कळलं होतं. आमच्यात बाईला तिच्या ब्रोचांसकट पुरतात. आईने जिवंतपणी लेकीला दिले असतील तर गोष्ट वेगळी. नाहीतर ते मढ्यावरून ओरबाडलेले, आणि त्याला फास ठरलेला. माझा दीर हुनवाल्ड माणसं घेऊन अंगणात बसला. तू म्हणशील ते, असं मला म्हणाला.

मी तिला आत नेऊन जवाची पेज दिली. तिचं आत्या, आत्या चाललं होतं, जरा जास्तच. टेटेला मी पाळण्यात पाहिलेली, चेहऱ्यावरून काय कळणार? मी म्हटलं, डावा ब्रोच चिखलाने भरलाय, काढून पुसून घाल.

तिने पुसला आणि घातला. पिनेचं टोक गळ्याकडे! आमच्या बायका टोक खांद्याकडे ठेवतात. समोर उभं राहून दुसरीला नेसवणाऱ्या हाताची सवय स्वतःच्या अंगावर अशी उलटी पडते.

"कोणाला नेसवायचीस गं तू?"

तिने वाडगा खाली ठेवला. "मालकिणीला. टेटे आधी गेली. मग मालकीण तापात मलाच टेटे म्हणायला लागली. तिनेच हे मला घातले. मी नाही म्हटलं नाही."

म्हणजे भावाच्या घरची मोलकरीण, वेल्श, आमच्या रक्ताची नव्हेच. "तिने घातले, का तू काढलेस?"

तिने उजवा खांदा हाताने झाकला. मी तो हात ओढून काढला. मण्यांची दोरी त्या ब्रोचला बांधली होती, आणि गाठ उलट्या पिळाची होती. भावजय डावरी. त्या गाठीवरून मी तिला जन्मभर चिडवलं. इथे ती गाठ या पोरीच्या जाड्याभरड्या कापडातून ओवलेली होती. मेलेल्या बाईला गाठ मारता येत नाही.

मला संताप आला. रक्ताच्या लेकीची जागा अशी कोणालाही द्यायची? पण तिने दिली होती. ती काढून घेणारी मी कोण?

मी डावी पिन उपसून नीट घातली. "टोक खांद्याकडे. रोज. हुनवाल्डची बायको माझ्याहून बारीक बघते."

बाहेर येऊन मी सांगितलं, टेटेच आहे.

हुनवाल्डने तिला न्याहाळलं, मग मला. "एवढा वेळ लागला?"

"आत्या आहे मी. खात्री करून घेते."

पोरीचा हात पुन्हा त्या गाठीकडे चालला होता. मी तो मधेच पकडला आणि माणसं उठून जाईपर्यंत सोडला नाही.